साडेअकरा पौंडांचा करार

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या चरित्रातील परदेशगमनाचा प्रसंग बहुतेक भाषणांत आणि शालेय निबंधांत एका वाक्यात आटोपला जातो. बडोद्याच्या महाराजांनी शिष्यवृत्ती दिली, बाबासाहेब अमेरिकेस गेले आणि विद्वान होऊन परत आले, एवढे सांगून वक्ता थेट महाडच्या चवदार तळ्याकडे वळतो. हे वाक्य खोटे नाही. तथापि इतिहासाचे विद्यार्थी या नात्याने आम्हांला ते नेहमीच अपुरे वाटत आले आहे. ते ऐकून असा समज होतो की एका उदार राजाने ओंजळभर दान टाकले आणि एका बुद्धिमान तरुणाने ते झेलले. १९१३ साली बडोद्यात जे घडले ते दान नव्हते. तो एक लेखी करार होता. त्याला मुदत होती, अट होती, दोन पक्षांच्या सह्या होत्या. या स्मरणिकेसाठी हाच विषय आम्ही निवडला, याला कारण आहे. आमच्या निवासी विद्यालयातील मुलामुलींना दरवर्षी शिष्यवृत्तीचे अर्ज भरावे लागतात, आणि तुम्ही सरकारच्या पैशावर शिकता हा टोमणाही त्यांना कोठे ना कोठे ऐकावा लागतो. ज्या शिष्यवृत्तीने आपल्या इतिहासाला वळण दिले तिचा जमाखर्च नेमका काय होता, हे या मुलांना ठाऊक असले पाहिजे.

हा जमाखर्च बडोद्यापासून नव्हे, तर मुंबईतील परळच्या चाळीतील एका खोलीपासून मांडावा लागतो. सुभेदार रामजी मालोजी सकपाळ लष्करातून निवृत्त झालेले. निवृत्तिवेतन तुटपुंजे आणि कुटुंब मोठे. दोन्ही मुलांना पुढे शिकविणे शक्य नाही असे दिसताच थोरले आनंदराव शाळा सोडून नोकरीस लागले आणि धाकट्या भीमरावाचे शिक्षण चालू राहिले. भीमरावाला पुस्तकांचा हव्यास. खिशात पैसे नसतील तर रामजीबाबा विवाहित मुलीच्या घरी जात, तिच्याकडून थोडे पैसे उसने मागत; तिच्यापाशी नसतील तर तिचा एखादा दागिना मागून आणीत, तो सावकाराकडे गहाण टाकीत आणि पेन्शन हाती येताच सोडवून परत नेऊन देत. खोलीत सारे निजल्यावर रात्री दोनपर्यंत रामजीबाबा जागे राहत, मग मुलाला अभ्यासासाठी उठवून स्वतः त्याच्या जागेवर आडवे होत. बाबासाहेबांना मिळालेली पहिली शिष्यवृत्ती कोणती, असे आम्हांला कोणी विचारले तर आम्ही त्या बहिणीच्या दागिन्याचे नाव घेऊ. तो दागिना कोणत्याही दप्तरात नोंदलेला नाही.

१९०७ साली भीमराव एल्फिन्स्टन हायस्कूलमधून मॅट्रिक झाले. ७५० पैकी २८२ गुण. आजच्या टक्केवारीच्या बाजारात हा आकडा कोणी फलकावर लावणार नाही. संस्कृत शिकण्याची इच्छा असूनही अस्पृश्य म्हणून ती भाषा नाकारली गेली आणि त्यांना फारसी घ्यावी लागली होती, हेही या गुणांबरोबर वाचले पाहिजे. महार समाजातील मुलाने मॅट्रिक होणे हीच त्या काळी अपूर्व गोष्ट होती. सीताराम केशव बोले यांच्या अध्यक्षतेखाली अभिनंदनाची सभा झाली. त्या सभेत कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे मराठी चरित्र भीमरावांना भेट दिले. चर्नी रोडच्या बागेत एकटाच पुस्तक वाचीत बसणारा हा मुलगा गुरुजींच्या नजरेत त्याआधीच भरला होता. नागपूरच्या दीक्षाभूमीकडे जाणाऱ्या वाटेवरचा हा पहिला टप्पा म्हणून या भेटीचा उल्लेख आपल्याकडे होतो, तो योग्यच आहे. मात्र त्याच गुरुजींनी पुढे केलेले दुसरे काम तितकेसे सांगितले जात नाही.

भीमराव एल्फिन्स्टन महाविद्यालयात दाखल झाले, इंटरची परीक्षा पार पडली, आणि रामजीबाबांची शिकस्त संपली. फी भरण्यास पैसा उरला नाही. त्या वेळी केळुसकर गुरुजी या विद्यार्थ्याला घेऊन श्रीमंत सयाजीराव गायकवाडांकडे गेले. अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या उच्च शिक्षणास साहाय्य करण्याचा मनोदय महाराजांनी मुंबईत बोलून दाखविला होता, त्याची आठवण गुरुजींनी दिली. महाराजांनी तरुणाला काही प्रश्न विचारले, उत्तरांनी त्यांचे समाधान झाले आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मंजूर झाली. सयाजीरावांच्या राज्यात अस्पृश्य मुलांसाठी शाळा होत्या आणि १९०६ पासून सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण राज्यभर सुरू झाले होते. तेव्हा हा निर्णय एखाद्या लहरीचा म्हणता येणार नाही. महाविद्यालयात प्राध्यापक म्युलर भीमरावांना पुस्तके देत, कपडेही देत. त्याच महाविद्यालयाच्या उपाहारगृहाचा चालक मात्र त्यांना चहा-पाणी देत नसे.

१९१२ साली ते बी.ए. झाले. त्याच वर्षीच्या १२ डिसेंबरला यशवंतांचा जन्म झाला. जानेवारी १९१३ मध्ये भीमराव बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले. रामजीबाबांच्या मनात मुलाने बडोद्यास जाऊ नये असे होते. ज्या मातीत अस्पृश्यतेचे काटे अधिक टोकदार, तेथे मुलाचे काय होईल हे लष्करात आयुष्य काढलेल्या त्या माणसाने ओळखले असावे. परंतु घेतलेल्या साहाय्याची उतराई सेवेने करायची, हा भीमरावांचा निश्चय होता. काही दिवसांतच वडील अत्यवस्थ असल्याची तार आली. ते मुंबईस निघाले. वाटेत सुरतेला वडिलांसाठी मिठाई घ्यावी म्हणून उतरले आणि गाडी चुकली. दुसऱ्या दिवशी घरी पोहोचले तेव्हा वडिलांनी डोळे भरून पाहिले, पाठीवरून हात फिरविला आणि थोड्या वेळात प्राण सोडला. तो दिवस २ फेब्रुवारी १९१३. बाबासाहेबांच्या आयुष्यात त्यांनी वेळेच्या हिशेबात इतकी कठोर शिस्त पुढे का पाळली, याचे उत्तर आम्ही आमच्यापुरते सुरतेच्या फलाटावर शोधतो. यास पुरावा नाही, हा आमचा तर्क आहे.

यानंतर चार महिन्यांनी तो करार झाला. काही विद्यार्थ्यांना दरबारच्या खर्चाने न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पाठविण्याचा सयाजीरावांचा विचार होता. भीमरावांनी अर्ज केला, त्यांची निवड झाली आणि ४ जून १९१३ रोजी बडोदा सरकारच्या शिक्षण खात्याच्या उपमंत्र्यांसमोर त्यांनी करारावर सही केली. ठरविलेल्या विषयांच्या अध्ययनातच आपला वेळ खर्च करायचा आणि शिक्षण पूर्ण झाल्यावर दहा वर्षे बडोदा राज्याची सेवा करायची, अशा अटी होत्या. त्याबदली दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे, १५ जून १९१३ ते १४ जून १९१६.

साडेअकरा पौंड म्हणजे किती, हे आमचे विद्यार्थी हमखास विचारतात. त्या काळी रुपयाचा सरकारी दर एक शिलिंग चार पेन्स होता, म्हणजे एका पौंडास पंधरा रुपये. या हिशेबाने महिन्याला सुमारे १७२ रुपये झाले. मुंबईच्या चाळीत ही रक्कम डोळे दिपविणारी, पण न्यूयॉर्कमध्ये बेताची. गंमत अशी की रुपया आणि पौंड यांचा हाच दर कोणी, कसा व कोणाच्या हितासाठी ठरविला, हा प्रश्न पुढे बाबासाहेबांच्या लंडनच्या प्रबंधाचा विषय झाला. ज्या दराने शिष्यवृत्ती मोजून मिळाली, त्या दराचीच त्यांनी नंतर चिकित्सा केली!

करारात तीन वर्षे मिळाली, दहा वर्षे द्यायची होती. हे प्रमाण ध्यानात घेतले म्हणजे दान हा शब्द येथे का बसत नाही ते कळते. राज्याला उच्चशिक्षित अधिकारी हवे होते, तरुणाला ज्ञान हवे होते. दोघेही काही देत होते, दोघेही काही घेत होते. अशा व्यवहारात घेणाऱ्याने मान खाली घालण्याचे कारण नसते, आणि भीमरावांनी ती घातलीही नाही. घरी सहा महिन्यांचा मुलगा, तरुण पत्नी रमाबाई आणि नुकताच आधार गमावलेले कुटुंब ठेवून ते निघाले आणि जुलै १९१३ मध्ये न्यूयॉर्कला पोहोचले.

तेथील पहिले वसतिगृह हार्टले हॉल. तेथले अन्न मानवेना म्हणून ते कॉस्मोपॉलिटन क्लबात राहावयास गेले आणि नंतर लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये. या शेवटच्या ठिकाणी नवल भथेना या पारशी तरुणाशी त्यांची मैत्री जडली. मेजावर सोबत बसून जेवता येते, वाचनालयात कोणताही ग्रंथ हाताने काढता येतो, पाणी मागावे लागत नाही, हा अनुभव त्यांना जन्मात प्रथमच येत होता. वडिलांच्या एका स्नेह्याला तेथून त्यांनी पत्र लिहिले आणि त्यात मुलांबरोबर मुलींच्याही शिक्षणाचा आग्रह धरला. समुद्रापार गेल्यावर पहिल्या काही दिवसांत माणूस तेथल्या उंच इमारतींचे वर्णन लिहितो. बावीस वर्षांचा हा तरुण आपल्या समाजातील मुलींच्या शाळेविषयी लिहीत होता.

अध्ययनाचे प्रमाण पाहिले म्हणजे मुदत या शब्दाचा त्यांनी लावलेला अर्थ समजतो. कोलंबियाच्या दप्तरातील नोंदीनुसार त्यांनी अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३ आणि प्राथमिक फ्रेंच व जर्मनचा प्रत्येकी एक, असे एकूण ६० अभ्यासक्रम घेतले. पदवीसाठी एवढ्यांची गरज नव्हती. एडविन सेलिग्मन सार्वजनिक वित्त शिकवीत, जॉन ड्यूई तत्त्वज्ञान, जेम्स हार्वे रॉबिन्सन इतिहास, अलेक्झांडर गोल्डनवायझर मानववंशशास्त्र. शिक्षक म्हणून आम्हांला या यादीतील विषयांचा पसारा फार बोलका वाटतो. बडोद्याला हवा होता अर्थतज्ज्ञ. हा विद्यार्थी तो होण्यासाठी लागेल ते सारे शिकत होताच, परंतु त्याच मुदतीत जातिव्यवस्थेचे मूळ शोधण्याची हत्यारेही गोळा करीत होता. कराराचे एक अक्षरही न मोडता त्यांनी आपल्या समाजाचे काम त्यात बसविले.

२ जून १९१५ रोजी एम.ए. झाले. ९ मे १९१६ रोजी गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातींची रचना, उगम व विकास या विषयावर निबंध वाचला. जात ही बंदिस्त वर्ग कशी झाली, स्वजातिविवाहाच्या बंधनाने ती कशी टिकून राहिली आणि त्यासाठी स्त्रीच्या आयुष्यावर कोणकोणती बंधने लादली गेली, याची मांडणी पंचवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने तेथे केली. पुढच्या महिन्यात भारताच्या राष्ट्रीय लाभांशावरचा पीएच.डी.चा प्रबंधही सादर झाला. तीन वर्षांची मुदत संपत होती आणि काम पदरात पडले होते. जेवण म्हणजे एक कप कॉफी, दोन मफिन आणि मांस वा मासळीचा एखादा पदार्थ, असे चरित्रकारांनी नोंदविले आहे. वाचलेल्या पैशांतून घरी रक्कम जाई आणि न्यूयॉर्कच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून ग्रंथ येत. या काळात त्यांनी सुमारे दोन हजार पुस्तके जमविली.

आणि घरी? रमाईंच्या वाट्याला आलेल्या या वर्षांबद्दल आपण गाणी गातो, ते उचितच. पण इतिहासकाराने त्यांचा हिशेबही मांडला पाहिजे. परदेशातून येणारे पैसे थोडे आणि खाणारी तोंडे पुष्कळ. या दांपत्याच्या पाच अपत्यांपैकी एकटे यशवंत जगले. करारावर रमाईंची सही नव्हती, तथापि त्यातील कठीण अटी त्यांनी पाळल्या.

प्रबंध हातावेगळा होताच बाबासाहेब लंडनला गेले. महाराजांकडून त्यासाठी पत्रे पाठवून अनुमती मिळविली. १९१६ च्या अखेरीस बॅरिस्टरीसाठी ग्रेज इनमध्ये आणि अर्थशास्त्रासाठी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये नाव दाखल झाले. परंतु १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपल्याचे व परत यावे असे बडोद्याच्या दिवाणांचे पत्र आले. अर्धवट अभ्यास टाकून परतणे भाग पडले. त्यांनी लंडन विद्यापीठाकडून ऑक्टोबर १९१७ पासून चार वर्षांच्या आत अभ्यास पुन्हा सुरू करण्याची परवानगी लिहून घेतली, ही गोष्ट आम्हांला फार महत्त्वाची वाटते. दार बंद होत असताना त्यांनी पाऊल आत ठेवले.

महायुद्ध चालू होते. सामान एका बोटीने पाठविले आणि ते स्वतः मार्सेलिसहून कैसर-ए-हिंद या बोटीने निघाले. सामानाची बोट पाणतीराने बुडविली. जिवापाड जमविलेल्या ग्रंथांपैकी कित्येक समुद्राने गिळले. मुंबईत बोट बुडाल्याची वार्ता आली तेव्हा घरच्यांचा ठाव सुटला होता. २१ ऑगस्ट १९१७ रोजी ते सुखरूप उतरले. बुडालेल्या सामानाची नुकसानभरपाई म्हणून टॉमस कुक कंपनीकडून ६०० रुपये मिळाले, आणि त्या पैशांच्या आधारानेच ते करारातील आपला भाग पूर्ण करण्यासाठी बडोद्यास गेले. बुडालेल्या पुस्तकांच्या किमतीवर नोकरीला जाणारा अधिकारी इतिहासात दुसरा आमच्या पाहण्यात नाही.

सप्टेंबर १९१७. त्यांना स्टेशनवर उतरवून घ्यावे असा महाराजांचा हुकूम होता, पण कोणीही आले नाही. अस्पृश्य तरुण मुंबईहून येत असल्याची बातमी मात्र सगळ्यांच्या आधी पोहोचली होती. एकाही हिंदू खाणावळीत वा वसतिगृहात जागा मिळाली नाही. अखेर पारशी धर्मशाळेत नाव बदलून, पारशी म्हणून, दिवसाला दीड रुपया भाड्याने ते राहिले. ती वरच्या मजल्यावरची जागा अंधारी, अडगळीने भरलेली आणि निर्मनुष्य होती. सोबतीला एक कंदील. कोलंबियाच्या दिव्याखालून आलेला माणूस या कंदिलाच्या उजेडात वाचन करून मन रमवीत असे. महाराजांनी त्यांची लष्करी सचिव म्हणून नेमणूक केली होती आणि पुढे अर्थमंत्री करण्याचा त्यांचा मानस होता. प्रत्यक्षात कचेरीतील शिपाई कागदपत्रे लांबून टेबलावर फेकीत, पिण्याचे पाणी मिळत नसे.

अकराव्या दिवशी सकाळी हातांत काठ्या घेतलेले डझनभर पारशी धर्मशाळेच्या पायऱ्या चढून आले. धर्मशाळा विटाळली असा त्यांचा आरोप. संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याचा हुकूम देऊन ते गेले. बाबासाहेबांनी दोन मित्रांची दारे ठोठावली. एक हिंदू होता. तुम्ही आलात तर घरचे नोकर निघून जातील असे त्याने सुचविले. दुसरा ख्रिस्ती झालेला ब्राह्मण होता. पत्नीला विचारून सांगतो म्हणाला, आणि नकारच आला. मुंबईची गाडी रात्रीची होती. मधले पाच तास त्यांनी कामाठी बागेत काढले. ते ठिकाण आज संकल्पभूमी म्हणून ओळखले जाते आणि आपले बांधव तेथे नतमस्तक होतात.

आता कराराकडे परत पाहू. दहा वर्षांची सेवा अकरा दिवसांत संपली. कागदावर पाहिले तर करार विद्यार्थ्याने मोडला. खरोखर पाहिले तर त्याने आपली बाजू पूर्णपणे पाळली होती. सेवेसाठी तो पदरमोड करून हजर झाला होता. राज्याकडे मात्र त्याला द्यावयास एक खोली नव्हती, पेलाभर पाणी नव्हते. यात सयाजीरावांना किती दोष द्यावा, यावर आपल्याकडे दोन टोकांची मते आहेत. कोणी त्यांना देव्हाऱ्यात बसवितो, कोणी त्यांच्या औदार्यालाच ढोंग म्हणतो. आम्हांला दोन्ही मते मान्य नाहीत. महाराजांची नियत स्वच्छ होती. त्यांचा हुकूम मात्र त्यांच्याच राज्यातील शिपायाच्या मनापर्यंत पोहोचत नव्हता. राजाज्ञेने शाळा काढता येते, शिष्यवृत्ती देता येते, पण त्या शिष्यवृत्तीने शिकलेल्या माणसाला भाड्याची खोली मिळवून देता येत नाही, हा धडा बाबासाहेबांनी बडोद्यात घेतला. त्यानंतर त्यांनी केवळ राजकृपेवर कधीही विसंबून ठेवले नाही; हक्क कायद्यात लिहून घेण्याचा त्यांचा पुढील सर्व आग्रह या अकरा दिवसांपासून समजून घ्यावा लागतो.

मुंबईत परतल्यावर शिकवण्या झाल्या, व्यापाऱ्यांना सल्ला देण्याचा व्यवसाय झाला. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाइके आटली. नोव्हेंबर १९१८ मध्ये सिडनहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापक म्हणून ४५० रुपये पगाराची जागा मिळाली. प्राध्यापकांच्या खोलीतील पाण्याच्या भांड्याला त्यांनी हात लावू नये म्हणून तेथेही कुरकुर झालीच. विद्यार्थी मात्र वर्ग भरून ऐकत. बाबासाहेब राहत होते चाळीतच. पगारातील ठरावीक रक्कम घरखर्चाला, बाकीची शिल्लक. चार वर्षांची लंडनची मुदत त्यांच्या डोळ्यांसमोर होती. जानेवारी १९२० मध्ये राजर्षी शाहू महाराजांच्या साहाय्याने मूकनायक सुरू झाले, मार्चमध्ये माणगावची परिषद झाली, त्याच महिन्यात प्राध्यापकी सोडली आणि जुलैत ते लंडनला निघाले. या वेळी शिष्यवृत्ती कोणाचीच नव्हती. स्वतःची बचत, शाहू महाराजांची काही मदत आणि लिव्हिंग्स्टन हॉलमधील त्या मित्राचे, नवल भथेनांचे, ५००० रुपयांचे कर्ज, एवढ्या भांडवलावर मुदत संपण्याआधी वर्षभर ते तेथे हजर झाले.

ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात दार उघडताच शिरणे, दुपारचे जेवण टाळणे, रात्री भुकेवर पापड भाजून खाणे, हा भाग आपल्या मुलांना पाठ आहे; तो आम्ही येथे विस्ताराने सांगत नाही. १९२१ मध्ये एम.एस्सी., मग बॅरिस्टरी, ऑक्टोबर १९२२ मध्ये रुपयाच्या प्रश्नावरील डी.एस्सी.चा प्रबंध. ब्रिटिशांच्या चलननीतीवरील त्यातील टीका परीक्षकांना रुचली नाही. निष्कर्षाला धक्का न लावता मांडणी बदलून त्यांनी तो मुंबईहून पुन्हा पाठविला आणि नोव्हेंबर १९२३ मध्ये पदवी मिळाली. कोलंबियाची पीएच.डी. मात्र प्रबंध छापून प्रती सादर केल्यावाचून मिळत नसे, आणि छपाईला पैसा नव्हता. तो विस्तारित ग्रंथ १९२५ मध्ये सेलिग्मन यांच्या प्रस्तावनेसह लंडनला प्रसिद्ध झाला आणि १९२७ साली पदवी हाती आली. म्हणजे १९१३ च्या करारातून सुरू झालेले शिक्षण कागदोपत्री चौदा वर्षांनी पूर्ण झाले.

या ग्रंथांच्या अर्पणपत्रिका आम्ही विद्यार्थ्यांना मुद्दाम दाखवितो. रुपयाच्या प्रश्नावरील ग्रंथ त्यांनी आईवडिलांच्या स्मृतीस अर्पण केला. १९२५ चा ग्रंथ अर्पण केला तो सयाजीराव गायकवाडांना, शिक्षणाच्या कामी केलेल्या साहाय्याबद्दल कृतज्ञता म्हणून. कामाठी बागेतील पाच तासांनंतर आठ वर्षांनी हे लिहिले गेले आहे, याचा विचार करावा. रमाईंच्या वाट्याची अर्पणपत्रिका १९४० च्या पाकिस्तानविषयक ग्रंथात आली. तेव्हा त्या जाऊन पाच वर्षे झाली होती.

स्वतःचे शिक्षण पुरे झाल्यावर त्यांनी पहिल्या प्रथम जी कामे हाती घेतली त्यांत वसतिगृह होते. बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ मध्ये सोलापुरात वसतिगृह काढले. आमच्यासारख्या निवासी शाळांची वंशावळ तेथून निघते. १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाल्यावर त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांनी लॉर्ड लिनलिथगो यांना अनुसूचित जातींच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन दिले. विज्ञान व तंत्रशिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्यांसाठी दरसाल दोन लाख रुपये आणि इंग्लंड, युरोप, अमेरिका येथील विद्यापीठांत पाठविण्यासाठी दरसाल एक लाख रुपये, अशी मागणी त्यात होती. हिशेब मांडून, तरतुदीच्या भाषेत. सरकारने तीन लाखांची तरतूद केली. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती म्हणून आज आमची मुले जो अर्ज भरतात त्याचा उगम हा आहे. महाराष्ट्र शासनाच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिक्षण शिष्यवृत्तीने आज वर्षाला ७५ विद्यार्थी परदेशी जाऊ शकतात. त्या अर्जाचा नमुना वाचताना उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, हमीपत्र या रकान्यांनी मुले धास्तावतात. सुभेदाराच्या मुलालाही हमी लिहून द्यावी लागली होती, हे आम्ही त्यांना सांगतो.

जून १९५२ मध्ये कोलंबिया विद्यापीठाने बाबासाहेबांना एलएल.डी. ही सन्माननीय पदवी दिली आणि ती स्वीकारण्यासाठी ते न्यूयॉर्कला गेले. करारावर सही झाली त्याला त्या महिन्यात एकोणचाळीस वर्षे पूर्ण झाली होती. भारताची राज्यघटना लागू होऊन दोन वर्षे उलटली होती आणि औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालयाच्या इमारतींचे काम चालू होते. त्या कामाच्या खर्चाची काळजी घेऊनच ते विमानात बसले होते.